पुसलेली नळी

"फुंक. जोरात फुंक. ढोसताना बरा दम असतो तुमच्या लोकायच्या छातीत."

दुपारचे साडेबारा वाजले होते. लहान वर्ग सुटले होते. माझ्या बसमध्ये राजूरकडची चाळीस-बेचाळीस पोरं बसली होती. गेटवर मोटरसायकली लावून मायबाप उभे होते. आणि त्यांच्या समोर मी तोंडात प्लास्टिकची नळी धरून वाकलो होतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला दारू तपासायची मशीन. मशीन मॅनेजरच्या हातात.

भोकरदनच्या बाहेर रोडवर ही शाळा. इंग्लिश मीडियम. मी तिथं पाच वर्षांपासून गाडी चालवायचो. दीड वर्षापूर्वी शाळेनं मशीन आणली, गेटवर बोर्ड लावला, 'आमचे चालक रोज तपासले जातात'. खरं तर तपासायचं असल तर सकाळी गाडी काढायच्या आधी तपासायला पाहिजे. पण सकाळी बघायला कोण असते? म्हणून दुपारी. सुट्टी झाल्यावर. पालकायच्या डोळ्यासमोर.

आम्ही पाच ड्रायव्हर. चौघंजण माझ्या आधी फुंकायचे. एकाच नळीनं, एकामागून एक. मी शेवटी. रोजच शेवटी. माझी गाडी मागं लागते म्हणून असल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. माझं झालं की मॅनेजर खिशातून हाताला लावायचं सॅनिटायझर काढायचा. आधी नळी पुसायचा, मंग बोटं पुसायचा, मंग मशीन डब्यात. चौघायचं झालं तरी बाटली खिशातच. माझं झालं की बाटली बाहेर.

दीड वर्ष मी हे बघितलं. रोज. आणि दीड वर्ष बघितलं न्हाई असं केलं. हे लिहिताना मला मॅनेजरपेक्षा माझी जास्त लाज वाटते.

त्या दिवशी मला सर्दी होती. छाती भरलेली. मी फुंकलं पण दम पुरला न्हाई, मध्येच खोकला आला. मशीननं आकडा दाखवलाच न्हाई. तेव्हा मॅनेजर ते बोलला. छातीतल्या दमाचं.

मंग त्यानं नळी काढली. माझी थुंकी लागली होती तिला. तोंड वाकडं केलं. बाटली काढली, नळीवर भचकन ओतलं, रुमालानं वरवर पुसलं. नळी ओलीच होती. परत मशीनला लावली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

"परत."

मी जीव खाऊन फुंकलं.

मशीन ओरडायला लागली. बारीक, कर्कश. बसमधली पोरं खिडकीला आली. मॅनेजरनं आकडा बघितला आणि मशीन वर धरली, सगळ्यायला दिसंल अशी.

"एकशे साठ! तीसच्या वर गुन्हा असतो. याचे एकशे साठ!"

मला आधी कळलंच न्हाई. मी म्हणलं, "सर, अजून एकदा घ्या. मी प्यायलो न्हाई."

"मशीन खोटं बोलते का? मशीनला कुणाची जात कळत न्हाई. तिला फक्त दारू कळते." मंग पालकायकडं वळून म्हणला, "बघा. म्हणून आम्ही तपासतो. यायच्या वस्तीत दिवस उगवायच्या आधी सुरू होते. सवयच हाय यायची."

एक बाई बसमध्ये चढली आणि आपल्या पोराला हाताला धरून उतरवलं. माझ्याकडं बघत बघत गेली. त्या पोराला मी तीन वर्षं रोज दारातून उचललं होतं. एकजण मोबाईल धरून उभा होता. मी हात जोडलेले नव्हते. मान खाली होती. तसाच मी त्याच्या मोबाईलमध्ये गेलो.

मला ऑफिसात नेलं. टेबलावर कागद. टाइप केलेला, तयारच. 'मी ड्युटीवर असताना मद्यप्राशन केले होते. माझ्याकडून चूक झाली. मला माफ करावे.' खाली सहीची जागा.

"सही कर," मॅनेजर म्हणला. "पोलिसात देत न्हाई. आठ दिवस घरी बस. मंग बघू. लेकरंबाळं हायेत तुला, म्हणून."

माझा हात पेनकडं गेल्ता. खरं सांगतो, गेल्ता. मी पेन उचलला. सवय. पाच वर्षांत जे समोर ठेवलं त्यावर सही केली होती. पण कागदावर 'मद्यप्राशन' हा शब्द होता, आणि तो माझ्या नावाच्या अगदी वर होता. माझ्या पोरीला हा शब्द वाचता येतो, असं डोक्यात आलं. मी पेन खाली ठेवला.

"मी सही करत न्हाई. पोलिसाला फोन लावा."

मॅनेजर हसला. "येडा झाला का? केस होईल. लायसन जाईल."

"जाऊ द्या. फोन लावा. तुम्ही लावत न्हाई तर मी लावतो."

त्याला वाटलं मी घाबरवून राह्यलो. मी फोन लावला. स्वतःच्या हातानं. म्हणलं, माझ्यावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप हाय, या आणि तपासा.

पाऊणएक तासानं हवालदार आले. वयस्कर माणूस. त्यांच्याजवळ त्यांची मशीन होती. त्यांनी प्लास्टिकची बंद पुडी फाडली, त्यातून कोरी नळी काढली, मशीनला लावली. एवढंच. प्रत्येक माणसाला कोरी नळी असते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मी फुंकलं. शून्य.

हवालदारांनी परत फुंकायला लावलं. शून्य.

मॅनेजर म्हणला, "उतरली असल. तास होत आला की."

हवालदार मला म्हणले, "शून्य हाय. जा घरी. मिटलं."

"मिटलं न्हाई," मी म्हणलं. "हे म्हणतात उतरली. माझं रक्त काढा."

"अरे बाबा, कशाला वाढवतो? रक्ताचा रिपोर्ट यायला महिना-महिना लागते."

"लागू द्या."

त्यांनी मेडिकलचं पत्र लिहिलं आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

तिथले डॉक्टर तरुण होते. माझ्या तोंडाचा वास घेतला. सरळ रेषेवर चालवलं. डोळ्यात बॅटरी मारली. बोटानं नाकाचा शेंडा धरायला लावला. रक्त काढून बाटली सील केली. मंग आकडा विचारला. मी सांगितला. डॉक्टरनी मान हलवली.

"एकशे साठ असते तर तुम्ही असे उभे राह्यले नसते. आणि एवढी दारू तासाभरात शून्यावर येत न्हाई. हळूहळू उतरते. संध्याकाळपर्यंत तुमच्यात सापडली असती."

"मंग मशीनवर आली कुठून?"

"ते मला कसं सांगता येईल? मशीन तोंडातली हवा मोजते. आत नळीतून जे जाईल ते मोजते. शेवटची तपासणी कधी झालती तिची? नळी नवी होती का? पंधरा मिनिटं थांबून परत फुंकवलं का? हे विचारायचं असते."

मी आजवर कुणाला काही विचारलंच नव्हतं.

घरी गेलो तर माझ्या आधी व्हिडीओ पोचला होता. माझं गाव राजूरच्या अलीकडं, तीन किलोमीटरवर. आठवीतली माझी पोरगी मोबाईल उलटा करून बसली होती. पाणी आणून दिलं आणि आत गेली. व्हिडीओखाली लिहिलेलं मी नंतर वाचलं, 'दारुड्या ड्रायव्हर, पोरांच्या जिवाशी खेळ'. त्याच्याही खाली लोकायनं जे लिहिलं ते मी इथं लिहित न्हाई. त्यात माझं नाव कमी आणि माझी जात जास्त होती.

संध्याकाळी विहारातली माणसं आली. चांगली माणसं. म्हणले, "आपण निवेदन देऊ. लिहू की यानं आयुष्यात दारूला हात लावला न्हाई. पंचशील पाळणारा माणूस हाय."

बायको माझ्याकडं बघून राह्यली होती. तिला माहीत होतं.

"असं लिहू नका," मी म्हणलं. "मी पितो. वर्षातून दोन-तीनदा. लग्नात, न्हाई तर मेहुणा आला की. ड्युटीच्या दिवशी कधीच न्हाई. पण पितो."

एक म्हातारे होते, ते चिडले. "मंग कशाचं निवेदन? आपणच तोंडावर पडायचं?"

"काका, आज मी प्यायलो नव्हतो. एवढंच लिहा. मशीन चुकली की न्हाई हे बघायला मी साधू असायची काय गरज हाय?"

ते उठून गेले. दोघंजण थांबले. काका गेले त्याचं मला वाईट वाटलं, पण खोटं लिहून सुटायचं नव्हतं. मॅनेजरचा कागद खोटा होता म्हणून सही केली न्हाई. मंग आपल्या माणसायचा खोटा कागद कसा चालंल?

बायको आशाताई हाय. घरोघर फिरते, बाळंतिणी, लसी, गोळ्या. माणसं गेल्यावर तिनं मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगत गेलो. खोकला आला. मशीननं आकडा दाखवला न्हाई. त्यानं नळी पुसली.

"थांब. कशानं पुसली?"

"सॅनिटायझरनं. रोजच पुसते. माझं झालं की."

"रोज नंतर पुसते. आज मध्येच पुसली?"

"हो."

ती उठली. तिच्या पिशवीतून तसलीच बाटली काढली, माझ्या हातात दिली. "वाच."

मी वाचलं. बारीक अक्षरं होती. अल्कोहोल.

"हे काय हाय माहीत हाय का? हेच की. स्पिरिट. चुलीजवळ नेऊ नका म्हणून आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात, भडकन पेटते. ओल्या नळीतून तुम्ही त्याच्याच वाफा फुंकल्या मशीनमध्ये."

मी बाटली घेऊन बसून राह्यलो. माझं तोंड लागलं म्हणून त्यानं नळी पुसली. चौघायची पुसली न्हाई. माझी पुसली. आणि जे पुसायला ओतलं, तेच माझ्या तोंडातून निघालं म्हणून सांगितलं. मशीनला जात कळत न्हाई, हे त्याचं बराबर होतं. मशीन ज्याच्या हातात होती त्याला कळत होती.

मला राग आला असं म्हणणं कमी पडते. दीड वर्षाचा सगळा एकदम आला. रोजचा एकेक, जो मी गिळला होता.

दुसऱ्या दिवशी मी शेषरावकडं गेलो. शेषराव आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. रांगेत माझ्या पुढं उभा राहायचा. घरची जमीन हाय, समाजात मान हाय. त्यानं चहा सांगितला. मी म्हणलं, "शेषरावभाऊ, तुम्ही बघितलं ना त्यानं नळी पुसताना?"

तो कप फिरवत राह्यला. "बघितलं."

"सांगाल?"

"माहीत न्हाई, भाऊ." एवढंच बोलला. मी चहा पिऊन निघालो.

चार दिवसांनी अध्यक्षायनं बोलावलं. शाळा त्यांची. सत्तरीतला माणूस, पांढरे कपडे, हळू आवाज. पंचक्रोशीत दारूबंदीची भाषणं करणारे. त्यांच्या केबिनमध्ये मॅनेजर, आम्ही पाच ड्रायव्हर आणि दोन पालक. मॅनेजर हा अध्यक्षायचा सख्खा पुतण्या, हे सांगायचं राह्यलं.

"बोल," अध्यक्ष म्हणले. "तुझं काय म्हणणं?"

"साहेब, माझं म्हणणं तोंडानं सांगत न्हाई. दाखवतो. ती मशीन आणा. तीच नळी आणा. आणि सरायच्या खिशातली बाटली."

मॅनेजर म्हणला, "काका, काय नाटक चाललं—"

"आण," अध्यक्ष म्हणले. त्यांना वाटलं असावं, एकदा तोंड बंद होऊ दे याचं.

मशीन आली. मी म्हणलं, "साहेब, तुम्ही सुपारीसुद्धा खात न्हाई हे सगळ्या तालुक्याला माहीत हाय. तुम्हीच फुंका. आधी सर नळी पुसतील. माझी पुसली तशीच."

अध्यक्षायनं मॅनेजरकडं बघितलं. "पुस."

त्यानं दोन थेंब घेतले.

"असं न्हाई," मी म्हणलं. "ओतलं होतं तुम्ही."

तेव्हा शेषराव बोलला. खाली बघतच बोलला. "ओतलं होतं, साहेब. मी बाजूलाच होतो. आणि रोजच पुसतात. फक्त याच्यानंतर. आमची कधी पुसली न्हाई."

अध्यक्षायनं पुतण्याच्या हातातून बाटली घेतली, नळीवर स्वतः ओतलं, रुमालानं पुसलं आणि फुंकलं.

मशीन ओरडली. अगदी तशीच.

आकडा मी मोठ्यानं वाचला. "एकशे बेचाळीस."

कुणी हसलं न्हाई. कुणी मोबाईल काढला न्हाई. कुणी म्हणलं न्हाई की अध्यक्ष प्यायले. दोघं पालक एकदमच म्हणले, "मशीन खराब हाय!"

मी तिथं उभा होतो आणि मला सगळं लख्ख दिसलं. मी फुंकलं तेव्हा मशीन खरी होती, माणूस खोटा. त्यांनी फुंकलं तेव्हा माणूस खरा, मशीन खोटी. आकडा मशीनवर येत होता. पण कुणावर विश्वास ठेवायचा हे मशीनच्या आधीच ठरलेलं होतं.

अध्यक्ष म्हणले, "ठीक हाय. गैरसमज झाला. मशीन बदलून टाकू. तू उद्यापासून गाडीवर ये. पगार कापणार न्हाई."

"लिहून द्या, साहेब."

"काय लिहून देऊ?"

"मशीन खराब नव्हती. ओल्या नळीवर जे होतं ते तिनं दाखवलं. नळी कुणी ओली केली, आणि माझीच काहून पुसली, ते लिहा. आणि गेटवर वाचून दाखवा. सुट्टीच्या टायमाला."

त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "हे जास्त होऊन राह्यलं. तुला कामावर घेतो म्हणलं ना? घरातली गोष्ट घरात मिटव."

"घरातली असती तर मला रांगेत शेवटी उभं केलं नसतं."

मी बाहेर आलो. गेटवरून जाताना वॉचमननं विचारलं, "झालं का मिटून?" मी न्हाई म्हणलं आणि सरळ पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार दिली. मॅनेजर गेटवर काय बोलला, कुणासमोर बोलला, वस्तीचं काय म्हणला, शब्द न् शब्द. तेच हवालदार होते. ते लिहीत गेले. मध्ये एकदा थांबले आणि विचारलं, "विचार केला ना? हे लांब चालंल." मी म्हणलं, लिहा.

शेषरावनं जबाब दिला. त्याची भावकी त्याच्याशी नीट बोलत न्हाई आता. तो मला भेटला की त्याबद्दल काही काढत न्हाई, मी पण काढत न्हाई. पाणी विचारतो, पाऊस विचारतो. पण जबाब त्यानं फिरवला न्हाई.

रक्ताचा रिपोर्ट आला तोवर मी शाळा सोडून दोन महिने झाले होते. अल्कोहोल आढळले न्हाई, असं त्यात होतं. लोकं म्हणले, पेढे वाट. मी वाटले न्हाई. मी प्यायलो नव्हतो हे मला त्या दिवशी दुपारी साडेबारालाच माहीत होतं. तेच मला परत कळवलं म्हणून कशाचा आनंद? व्हिडीओ अजून फिरतोय. रिपोर्ट कुणाच्या मोबाईलवर फिरत न्हाई.

मी आता सरकीची गाडी चालवतो, जालना ते आष्टी, कधी त्याच्या पुढं. पोरं चढत-उतरत न्हाईत, त्याची आठवण येते. रस्त्यावर पोलीस अडवतात, मशीन पुढं करतात. मी न्हाई म्हणत न्हाई. दारू पिऊन चालवणाऱ्याला धरलंच पाहिजे. मी पाच वर्षं पोरं नेली, मला त्याची किंमत माहीत हाय. पण मी विचारतो. नळीची पुडी माझ्या समोर फोडा. मशीन शेवटची कधी तपासली? आकडा आला तर पंधरा मिनिटं थांबून परत घ्या. मंग रक्त घ्या. एकदा एक पोलीस माझ्यावर खेकसला, "वकील हाय का तू?" मी म्हणलं, न्हाई साहेब, ड्रायव्हर. पण त्यानं पुडी फोडली. गाडी अड्ड्यावर मी हे दुसऱ्या ड्रायव्हरायला सांगतो. काहीजण ऐकतात, काहीजण म्हणतात याचं डोकं फिरलं.

मागच्या महिन्यात अध्यक्षायचा माणूस घरी आला. मिठाई घेऊन. म्हणला, केस मागं घे, पोरीला शाळेत फुकट घेऊ, बारावीपर्यंत. मी पोरीला बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर त्याला परत बोलायला लावलं. त्यानं सांगितलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "गेटवर वाचून दाखवणार का?" तो म्हणला, ते जमणार न्हाई. ती म्हणली, "मंग मला न्हाई यायचं." मिठाईचा डबा त्याच्याच हातात राह्यला.

आता तारखा लागून राह्यल्या. त्यांचा वकील हुशार हाय, मला कुणीतरी सांगितलं. तो मला पहिलं हेच विचारणार, की तू दारू पितोस का. लोकं मला शिकवून राह्यलेत, न्हाई म्हण, एक शब्द बोलायचा, विषय संपला.

मी न्हाई म्हणणार न्हाई.

मी सांगणार, हो, कधीमधी पितो. त्या दिवशी प्यायलो नव्हतो. दोन्ही खरं हाय. आणि दोन्ही मी मान वर करून सांगणार.